तांबड्या रेघेचा उतार

धरणात गाव गेलेल्यांना भूखंड देणाऱ्या कचेरीत धवळे नावाचे साहेब होते. मंत्री येणार म्हणून त्यांनी भिंतीवर आलेख लावला. तांबडी रेघ प्रलंबित अर्जांची, हिरवी तयार असून न वाटलेल्या भूखंडांची.

मंत्री आल्यावर धवळे म्हणाले, "यंदा दोन्ही रेघा चाळीसावर छेदतात, साहेब. जितके अर्ज, तितके भूखंड! आता नवे पाडायला नकोत."

मंत्र्यांनी मान डोलावली. तेवढ्यात भागूबाई ढेबे पुढे आल्या. नवरा वारला तसा त्यांचा अर्जही बंद झाला होता.

"हिरवी तर धा वर्सं आडवीच पडलीय. मग तांबडी दीडशेवरनं उतरली कशानं?"

"अर्जदार मयत झाला की प्रकरण निकाली निघतं, बाई. नियमच आहे."

"मग घाई कशापायी? आनखी चार वर्सं कुनाला काय देऊ नगा. तांबडी भुईला टेकंल, अन् चाळीसच्या चाळीस भूखंड शिल्लक ऱ्हातील. सत्काराला मंत्रीसायबांस्नी तवा बोलवा."

मंत्र्यांनी तिथल्या तिथे मयतांचे वारस लावायचा हुकूम दिला. तांबडी रेघ पुन्हा दीडशेवर गेली. आलेख साहेबांनी उतरवला. भूखंड अजून चाळीसच आहेत. भागूबाई जिंकल्या, म्हणजे त्यांना पुन्हा वाट बघायचा हक्क मिळाला.