सरासरीखालचे फणस

"सरासरीखालचं एकही झाड माझ्या बागेत दिसता कामा नये. परवा सकाळी कुऱ्हाडी चालवा," राजे जयसिंगरावांनी हुकूम सोडला.

भैरवडोंगरीचा हा राजा मनाने वाईट नव्हता हो, पण भलताच हट्टी. 'सरासरी' हा शब्द कारभारी विसाजीपंतांनी त्याला नुकताच शिकवला होता. नव्या जोड्यासारखा तो घालून राजा गावभर मिरवत होता.

हिशोब पंतांनी मांडला. बागेत एकवीस फणस. यंदा उतरले चारशेवीस, म्हणजे झाडामागे वीस. ओढ्याकाठच्या तिघांनी मिळून तीनशे दिलेले. थोरल्याने एकट्याने दोनशे, दोघा धाकट्यांनी पन्नास पन्नास. बाकीच्या अठरांतलं एकही झाड विसाला पोचलं नव्हतं.

"म्हणजे अठरा झाडं आळशी," पंत म्हणाले.

बागेचा राखणदार धाकू बाजूलाच उभा होता. ती अठरा झाडं त्याने स्वतःच्या हाताने लावली होती, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून जगवली होती. बापाचे भरलेले डोळे त्याच्या लेकीने, आवडीने, पाहिले. पण ही पोरगी रडत बसणारी नव्हे. ती सरळ राजासमोर जाऊन उभी राहिली.

"महाराज, झाडं तोडू नका. दुसरा काही उपाय असेल."

"उपाय?" राजाने मिशीवर हात फिरवला. "उद्या वाड्यावर पंगत आहे. पंगत उठायच्या आत मला असा उपाय सांग, की बागेत एकही झाड सरासरीखाली राहणार नाही. सांगितलास तर बाग वाचली. नाहीतर कुऱ्हाड."

"सांगते. फक्त पंगतीच्या कडेला आठळ्यांची टोपली घेऊन बसू द्या."

घरी येताना धाकू कुरकुरला, "अगं, राजाला शब्द देऊन बसलीस. झाडं काय तुझं ऐकून जास्त धरणारेत?"

"झाडांना कोण सांगतंय, बा? सांगायचंय ते राजाला."

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. पंधरा पानं. पहिल्या पानावर राजा, शेजारी पंत, मग मानकरी आणि शेवटच्या पानावर रंगू पैलवान. बेत सांदणांचा, म्हणजे फणसाच्या रसातल्या वाफवलेल्या वड्यांचा, सोबत नारळाचं दूध. वाढप्याने पानात सांदण घातलं की आवडी त्या पानापुढे फणसाची एक आठळी ठेवायची. पैलवानापुढे ठेवता ठेवता तिची कंबर धरली.

सगळ्यांचे हात थांबले तेव्हा ती म्हणाली, "पंत, आठळ्या मोजा."

पंतांनी मोजल्या. "एकशे पस्तीस. पानं पंधरा. सरासरी नऊ."

"पैलवानांनी किती खाल्ली?"

"एकोणऐंशी."

"आणि महाराजांनी?"

पंत राजाकडे बघत हळूच म्हणाले, "पाच."

"तुम्ही?"

"मला पित्ताचा त्रास आहे. तीन."

"म्हणजे पैलवान सोडून पंगतीत एकही जण नवाला पोचला नाही," आवडी म्हणाली. "महाराज, सरासरीखालच्यांना ठेवायचं नाही असा आपला हुकूम आहे. मग पानावरून उठवायचं कुणाला?"

भरल्या पानावरून उठवणं म्हणजे चारचौघांत नाक कापणं! पण राजा कसला हट्टी. स्वतःचा हुकूम मोडणं त्याला जमेना. "राजाला काय वेगळा न्याय?" म्हणत तो पाटावरून उठला. राजा उठल्यावर बसतो कोण? पंत उठले, मानकरी उठले. पंगतीत उरला एकटा रंगू पैलवान, आणि तो शांतपणे ऐंशीव्या सांदणाची वाट बघत होता.

"आता बघा महाराज," आवडी म्हणाली, "पंगतीत आता कुणीसुद्धा सरासरीखाली नाही. बागेचाही हाच उपाय. उद्या अठरा झाडं तोडा. उरलेल्या तिघांची सरासरी येईल शंभर. पन्नासवाले दोघे तिच्याखाली, तेही तोडा. मग उरेल एकटा थोरला. त्याला एका साली कीड लागली, की आपण सरासरी चाटत बसायचं."

राजा खो खो हसत सुटला. "आम्हाला आमच्याच पंगतीतून उठवलंस की गं! बस, बाग वाचली. पण मग बाग मोजायची कशी?"

"झाडं कमीपासून जास्तीपर्यंत मनात ओळीने उभी करा आणि बरोब्बर मधलं बघा. मधल्याला सात फणस लागलेत. साधं झाड सातचं, सरासरी विसाची. या दोन आकड्यांत जेवढं अंतर जास्त, तेवढी बाग एकीकडे कललेली समजायची. पाटीत सगळं ओझं एका बाजूला भरल्यागत. दोष झाडांचा नाही, मापाचा. आणि ओढ्याकाठचे तिन्ही पडले कापे, कडक गऱ्यांचे; त्यांचा सांदणाला रस निघत नाही. आत्ता खाल्लीत ती सांदणं मऊ, रसाळ बरक्या फणसांची, म्हणजे त्या अठरांचीच."

"पंत, हिला बक्षीस द्या. रिवाजाप्रमाणे," राजा म्हणाला.

पंतांना पानावरून उठणं झोंबलं होतं. ते गोड हसले. "देऊ की. आजवर अकरा जणांना बक्षिसं दिलीत. दहा जणांना खण-नारळ आणि महाराजांच्या मेहुण्यांना बावीस बिघे जमीन. मुलीचंच माप लावू. ओळीतलं मधलं बक्षीस म्हणजे खण-नारळ."

"नको पंत," आवडी हात जोडून म्हणाली. "झाडांना मधलं माप लावा. बक्षिसाला मला तुमची सरासरीच बरी!"

राजा इतका हसला की त्याचं पागोटं सुटलं. डोळे पुसत त्याने पंतांना भागाकार करायला लावला. बावीस भागिले अकरा, दोन बिघे आले. फणसाची बाग नेमकी दोन बिघ्यांची होती. राजाने ती एकवीस झाडांसकट आवडीच्या नावे लिहून दिली, आणि खाली शिक्का पंतांनाच मारायला सांगितला.