पाच खण

फार जुनी गोष्ट आहे. गावाचं नाव विचारू नका. ते सांगणारे कधीच गेले. पण त्या गावात एक विणकर होता आणि त्याच्या हातच्या चोळीच्या खणांसाठी सात गावच्या बायका वाट बघत बसायच्या, एवढं मात्र अजून सांगतात.

माणूस भला, पण भारी उतावळा. समोरच्याचं वाक्य पुरतं व्हायच्या आत ह्याचा होकार बाहेर पडायचा. मागाच्या नादात बिचाऱ्याचं लग्नही राहून गेलं होतं. घरात तो आणि त्याचा माग, एवढाच संसार. माग होता मागच्या खोलीत, परसाकडच्या खिडकीखाली. त्या एका खिडकीतून दिवसभर उजेड यायचा आणि त्या उजेडात तो काठाचा एकेक धागा निरखून घ्यायचा.

त्याला लहानाचा मोठा केला तो थोरल्या बहिणीने. तिला तो आक्का म्हणायचा. ह्याच खिडकीखाली मांडीवर बसवून आक्काने त्याच्या हातात मागाचा धोटा दिला होता. मग ती सासरी गेली. वर्षं लोटली, तिचे यजमान वारले, मूलबाळ नव्हतं आणि दिरांच्या घरात तिला कुणी बस म्हणेना. एक दिवस गावोगाव बांगड्या भरत फिरणाऱ्या कासाराबरोबर तिचा निरोप आला.

"पौष सरल्यावर येते म्हणाली आक्का," कासार म्हणाला. "पण तुझ्या घरात नाही राहायची. परसात एक खोली बांधून दे म्हणाली, वेगळी चूल मांडता येईल अशी. आणि शेवटचं तर तिनं मला दोनदा घोकायला लावलं. भावाला ओझं होणार असेन तर आल्या पावली परत जाईन, म्हणाली."

विणकराचे डोळे भरून आले. आक्का आणि ओझं? त्याने त्याच पावली गवंड्याला बोलावून आणलं.

गवंडी म्हातारा होता, बोलायला कमी. त्याने परसात दोरी धरली, विहिरीच्या कडेपासून घराच्या मागच्या भिंतीपर्यंत चार वेळा येरझारा घातल्या, खाली बसून माती चिमटीत घेऊन पाहिली. विणकराला कुठला दम धरवायला!

"गवंडीबाबा, बोला. किती लागतील?"

गवंडी दोरी गुंडाळत म्हणाला, "एकट्या बाईमाणसाची खोली ना? तीन खण झाले की पुष्कळ."

विणकर बघतच राहिला. तीन खण! त्याच्या डोक्यात भांडीकुंडी विकावी लागतील, माग गहाण टाकावा लागेल असं काहीबाही येऊन गेलं होतं. आणि हा देवमाणूस तीन खणांत खोली बांधून देतो म्हणतोय! तीन खण म्हणजे त्याचं सहा दिवसांचं विणकाम. एवढ्यात तर गावात कुणी कुंपणही घालून देत नाही.

त्याला स्वतःचीच लाज वाटली. ज्या आक्काने आपल्यासाठी उपास काढले, तिच्या खोलीला तीन खण?

"तीन नाही," तो छाती काढून म्हणाला, "पाच!"

गवंड्याचे हात थांबले. "पाच? अहो, तीन पुरतात. पाच परवडतील का तुम्हाला?"

"परवडतील का काय विचारता! माझ्या आक्कासाठी आहेत. पाच म्हणजे पाच, आणि चांगल्यातले चांगले."

"बघा बरं. आणि माझं धान्य गावच्या रिवाजाप्रमाणे."

"रिवाज असेल तसं!" विणकर म्हणाला. रिवाज काय आहे हे त्याने विचारलं नाही. गड्यांच्या दुपारच्या भाकरीचं म्हणत असेल, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. बघा, माणूस एकदा खूश झाला की त्याचे कान झाकले जातात ते असे.

दुसऱ्या दिवशी त्याने वर्षभराचे खण गाठोड्यात बांधले आणि तो जत्रांना निघाला. त्यातले सगळ्यात देखणे पाच मात्र त्याने वेगळे काढून उशाखाली ठेवले. जत्रा झकास झाल्या. सव्वा महिन्याने कंबरेला भरली थैली लावून तो गावात शिरला, घरात जाऊन ते पाच खण घेतले आणि परसाचं दार उघडलं.

दार उघडलं आणि तो उंबऱ्यावरच थबकला.

परस कुठे होतं? समोर एक लांबलचक इमारत उभी होती. विहिरीच्या कडेपासून निघून ती सरळ घराच्या मागच्या भिंतीशी येऊन ठेपली होती. पपईचं झाड गेलं होतं. तुळस एका बाजूला सरकवली होती. भिंती जाड, तुळया सागाच्या, वर नवी कौलं. एवढ्यात गावची चावडी मावली असती. विणकराला क्षणभर वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरलो.

गवंडी शेवटचा गिलावा करत होता. हात धुऊन तो पुढे आला. विणकराने कसेबसे ते पाच खण त्याच्यासमोर धरले.

"अरे वा!" गवंडी म्हणाला. "आमच्या कारभारणीला चोळ्या? एवढ्या कशाला हो?"

"तुमची मजुरी," विणकर पुटपुटला.

दोघेही त्या पाच रंगीत कापडांकडे बघत उभे राहिले. मग गवंड्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला आणि त्याने कपाळाला हात लावला.

"अहो दादा, मी घराचे खण म्हणालो! ते बघा वर. ह्या तुळईपासून त्या तुळईपर्यंतची जागा म्हणजे एक खण. मी तीन सांगितले, तुम्ही पाच करायला लावलेत. रिवाज खणामागे दोन पोती जोंधळ्यांचा. त्यात लाकूड आलं, कौलं आली, गडी आले. पाच खणांची दहा पोती होतात."

"दहा पोती!" विणकराच्या पायाखालची जमीन सरकली. तीन जत्रांची सगळी कमाई ओतली तर कशीबशी दहा पोती होत होती.

"मी तेव्हाच दोनदा हटकलं होतं," गवंडी खालच्या आवाजात म्हणाला. "पण तुमचा शब्द होता. चांगल्यातले चांगले."

एव्हाना शेजारपाजारचे जमले होते. एक म्हातारी नव्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "भाऊ असावा तर असा! बहिणीला पाच खणांचं घर बांधलं हो! आमच्या भावांनी कधी एका खणाची चोळीसुद्धा केली नाही." सगळे माना डोलवायला लागले. विणकर तोंड उघडणार होता, पण ते कौतुक त्याला असं काही गोड लागलं की त्याने मूग गिळले. गवंडीही गप्प बसला. थैली रिकामी झाली, दहा पोती गवंड्याच्या घरी गेली आणि विणकराची कीर्ती सात गावांत पसरली.

जाऊ दे, त्याने स्वतःची समजूत घातली. पुन्हा विणू. हात शाबूत आहेत, माग शाबूत आहे.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी तो मागावर बसला आणि बसल्या जागी थिजला. समोर अंधार होता. त्याने खिडकी चाचपली. ती उघडीच होती. पण खिडकीच्या पलीकडे वीतभरावर पाचव्या खणाची जाडजूड भिंत उभी होती. तीन खणांवर थांबला असता तर घर विहिरीकडेच आटोपलं असतं. तिसऱ्यापुढच्या दोन खणांनी उजेड गिळला होता.

त्या दिवशी त्याने भरदुपारी दिवा लावून विणलं. मग बाहेर अंगणात नेऊन खण उलगडून पाहिला. तांबड्या काठात पिवळा धागा शिरला होता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. महिनाभरात एकही खण विकण्याजोगा उतरला नाही. आणि लोक विचारत होते, "काय विणकरदादा, आक्का कधी येणार राजवाड्यात?"

आक्का आली. बैलगाडीतून एक ट्रंक, एक जातं आणि एक वळकटी घेऊन उतरली. बघायला अर्धा गाव लोटला. नवं घर पाहून ती खूश होईल असं सगळ्यांना वाटलं, पण तिने त्या घराकडे एकदाच पाहिलं आणि ती सरळ भावाच्या मागाच्या खोलीत शिरली.

"माग अंधारात का रे?" तिने विचारलं.

"उन्हाने रंग उडतात, आक्का," विणकर म्हणाला.

मागावरच्या अर्धवट खणावर आक्काने बोट फिरवलं. जिने विणायला शिकवलं, तिला चुकलेला धागा बघायला उजेड कशाला लागतो? तिने खिडकीत हात घातला. हात भिंतीला लागला. ती तशीच बाहेर आली आणि तिने वळकटी उचलून पुन्हा गाडीत टाकली.

"गाडीवानदादा, बैल सोडू नका. परत जायचंय."

विणकर धावत गाडीपाशी गेला. "आक्का, हे काय? कुठे जाणार तू?"

"कुठेही जाईन," आक्का म्हणाली. "मी निरोप धाडला होता ना तुला? माझ्या डोक्यावर छप्पर घालायला तू आपली खिडकी बुजवलीस. एवढ्या मायेचं ओझं मला नाही पेलायचं, बाळा. हाका हो गाडी."

बैलांनी पाऊल उचललं. विणकराने एकदा आक्काकडे पाहिलं, एकदा त्याचे गोडवे गाणाऱ्या लोकांकडे. एका बाजूला सात गावांतली कीर्ती होती, दुसऱ्या बाजूला चाललेली आक्का. त्याने बैलांची वेसण धरली आणि सगळ्या गावाच्या देखत तो ओरडला, "माया कसली, आक्का! मूर्खपणा आहे हा माझा! गवंडीबाबा घराचे खण म्हणत होते आणि मला वाटलं चोळीचे! मजुरी समजून मी तिनाचे पाच केले!"

त्या दिवशी कौतुक करणारी म्हातारी आ वासून बघत राहिली. मग गाडीतून एक आवाज आला. आधी वाटलं आक्का रडतेय. पण आक्का हसत होती, यजमान गेल्यापासून पहिल्यांदा. पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना.

"मेल्या," ती डोळे पुसत म्हणाली, "पाचावर आणखी एखादा तर बांधायला लावला नाहीस ना?" आणि ती गाडीतून उतरून गर्दीतल्या गवंड्याकडे वळली. "गवंडीबाबा, तुम्ही तीन म्हणाला होतात ना? मग मला तीनच ठेवा. खिडकीपुढचे दोन उतरवा."

गवंडी घसा खाकरून म्हणाला, "उतरवायचाही रिवाज आहे. खणामागे एक."

विणकराची मान सवयीने हलणार होती. ती अर्ध्यावरच थांबली.

"एक काय, गवंडीबाबा?" त्याने विचारलं. "एक कशाचं?"

"पोतं जोंधळ्यांचं."

म्हणजे आणखी दोन पोती. ज्या तीन खणांना सहा पोती लागली असती, त्यांना बारा पडली. ती दोन पोती फेडताना भावाबहिणीने दोन महिने आंबील पिऊन काढले, पण उजेडात बसून काढले. तांबड्या काठात पिवळा धागा पुन्हा कधी शिरला नाही. पपईचं झाड मात्र गेलं ते गेलंच. आणि त्या गावात अजूनही कुणी बोलताबोलता नुसता आकडा सांगितला की चार माणसं हसून एकदम विचारतात, "चोळीचे की घराचे?"

म्हणून, लहानथोरहो, किती ते ऐकून मान हलवण्याआधी, कशाचे ते विचारावं.