कासवाची पायरी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा लोकांना वाटायचं, समुद्र आपल्या जागेवर बसलाय तो बसलाय, उठून आपल्या दारात काही यायचा नाही.

त्या समुद्राच्या काठी एक राज्य होतं. राजा मनाचा भला. टेकडीवर त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी लावलेली आमराई होती आणि तिच्यावर त्याचा फार जीव. टेकडीच्या पायथ्याशी, अगदी पाण्याला लागून, कोळ्यांची खालची आळी होती.

दर नारळी पौर्णिमेला, ऐन भरतीला, राजा बंदराच्या घाटावर यायचा. पाण्याच्या वर जी पहिली कोरडी पायरी असेल तिच्यावर उभा राहायचा आणि सोन्याचा मुलामा दिलेला नारळ समुद्राला सोडायचा. त्याच्या पायाला कधी थेंब लागला नाही. कौतुकच होतं सगळ्यांना.

एकदा खालच्या आळीची माणसं दरबारात आली. पुढे एक म्हातारी. ती म्हणाली, समुद्र वर चढतोय. विहिरी खारट झाल्या, उधाणाला पाणी चुलीत शिरतं, लेकरं खाटेवर बसून जेवतात. टेकडीवर जागा मिळाली तर जगू, नाहीतर पुढच्या मोठ्या उधाणात सगळे वाहून जाऊ.

टेकडीवर जागा म्हणजे आमराई. दरबारात कुजबुज झाली. कुणीतरी हळूच टोमणाही मारला, की यांना आंब्याखाली वामकुक्षी करायची असेल, म्हणून समुद्राचं निमित्त. राजा म्हणाला, ‘‘आजी, मी दर वर्षी घाटावर उभा राहतो. समुद्र आहे तिथेच आहे.’’

पण राजा न्यायाचा होता. त्यांना तसंच परत पाठवणं त्याला बरं वाटेना. त्याने ठरवलं, यावर विचार करायला एक मंडळ नेमायचं. त्या राज्यात हत्तींसाठी मंडळ होतं, उत्सवांसाठी होतं, पक्वान्नांसाठीसुद्धा होतं. समुद्राचं मात्र हे पहिलंच. त्यात दिवाणजी आले, आरमाराचे सरदार आले, आळीची ती म्हातारी आली. आणि प्रमुख म्हणून राजाने आपल्या थोरल्या बहिणीला, आक्काला, तिच्या सासरहून बोलावून घेतलं. आक्का लग्न होऊन डोंगरापलीकडे गेली होती, ती खूप वर्षांनी माहेरचा समुद्र बघत होती.

पहिल्या बैठकीला काय काय खायला होतं हे मी सांगत बसत नाही, पण समुद्राची गोष्ट निघाली ती पानसुपारी झाल्यावर. आक्का मात्र आधीच घाटावर जाऊन आली होती. तिने सरळ दिवाणजींना विचारलं, ‘‘कासवाची पायरी कुठे गेली?’’

दिवाणजींनी मान खाली घातली.

घाटाच्या एका पायरीवर दगडात कासव कोरलेलं होतं. लहानपणी बहीण-भाऊ त्याच्या पाठीवर बसून पाण्यात पाय हलवायचे. आता तिथे नुसतं पाणी होतं. मग दिवाणजींनी सगळं सांगितलं. पाणी चढलं, की ते गुपचूप घाटाला वरती एक नवी पायरी बांधून घेत. महाराजांचे पाय भिजू नयेत, एवढीच त्यात माया. वाईट हेतू काही नव्हता बिचाऱ्यांचा.

आता हे राजाला सांगायचं कसं? सरदार म्हणाले, ‘समुद्र किंचित पुढे आला असावा’ असं लिहू. दिवाणजींना ‘किंचित’ जास्त वाटलं. म्हातारी म्हणाली, लिहायचंच तर माझ्या घरात बसून लिहा, शाई आपोआप पातळ होईल. आक्का हसली आणि म्हणाली, काही लिहायचं नाही.

नारळी पौर्णिमा आली. सनई, ढोल, सगळा गाव घाटावर. राजा नारळ घेऊन कोरड्या पायरीवर उभा राहिला. आक्का पुढे झाली.

‘‘महाराज, मंडळाचा सल्ला एवढाच आहे. यंदा नारळ कासवाच्या पायरीवरून सोडा.’’

राजाला आधी गंमत वाटली. त्याने खाली पाहिलं. कासव दिसेना. तो एक पायरी उतरला, पाणी घोट्याला लागलं. आणखी उतरला, गुडघ्याला लागलं. पीतांबर फुगून वर आला. सनई थांबली. दिवाणजी धरायला धावले तर आक्काने त्यांचा हात अडवला. राजा उतरत राहिला. पाणी छातीला लागलं तेव्हा त्याच्या तळपायाला दगडातली ती ओळखीची गोल पाठ लागली.

तिथेच उभं राहून त्याने वर आक्काकडे पाहिलं.

‘‘आक्का,’’ तो म्हणाला, ‘‘इथे बसलो की आपले फक्त पाय भिजायचे.’’

‘‘हो रे बाळा,’’ आक्का म्हणाली. महाराज म्हणायचं ती विसरली.

दिवाणजी रडकुंडीलाच आले. पायऱ्या मीच बांधल्या म्हणाले, काय ती शिक्षा द्या. राजा म्हणाला, ‘‘दिवाणजी, तुम्ही माझे पाय कोरडे ठेवलेत आणि मी या लोकांना खोटं ठरवलं. शिक्षा वाटून घेऊ.’’

तेवढ्यात गर्दीतून म्हातारी बोलली, ‘‘वर या महाराज, गारठाल. शेकायला आमच्याकडे चला म्हटलं असतं, पण आमची चूलही तुमच्यासारखीच भिजलीय.’’

राजा हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. नारळ त्याने तिथूनच सोडला.

पाऊस सरताच आमराईत घरं उभी राहिली. जिथे झाड आड आलं तिथे घर वाकलं, जिथे घर वाकेना तिथे राजाने स्वतः झाड तोडायला सांगितलं. सरदारांनी आरमाराच्या खलाशांकडून सामान वर आणवलं. दिवाणजी दोरी धरून जागा आखत उन्हात उभे राहिले. खालच्या आळीच्या जागी तिवरांचं रान वाढू दिलं, लाटांचा जोर मोडायला. मंडळ कायमचं झालं, बैठक घाटावरच भरू लागली. आणि रीत पडली, की राजा कुणीही असो, नारळ कासवाच्या पायरीवरूनच सोडायचा.

शेजारच्या राज्यातले लोक फिदीफिदी हसायचे. ‘भिजक्या राजाची रयत’ म्हणायचे. त्यांचा राजा नारळी पौर्णिमेला उंच चौथऱ्यावर कोरडा उभा असे.

मग एका वर्षी वादळ आणि उधाण एकदमच आलं. शेजारच्या राज्याची बंदरपेठ पाण्याखाली गेली. इकडे तिवरं वाकली, घाट बुडाला, पण टेकडीवरच्या एकाही घरातला दिवा विझला नाही. शेजारची माणसं होड्यांतून, फळ्यांवरून, जमेल तशी आली. म्हातारीने दार उघडलं, त्यांना कोरडी लुगडी-धोतरं दिली, गरम पेज वाढली. कुणीतरी संकोचून विचारलं, हे गाव कुणाचं?

म्हातारी ताठ उभी राहून म्हणाली, ‘‘भिजक्या राजाचं. बसा, पोटभर जेवा.’’

तेव्हापासून त्या राज्यातली माणसं हे नाव छाती पुढे काढून सांगतात. आणि का सांगू नये?

तात्पर्य: पाय कोरडे ठेवणारा सल्ला गोड लागतो, पण राज्य वाचवतो तो पाण्यात उतरवणारा सल्ला.