होडीचा गाडा आणि आलिशान मोटार

गाड्या आपापसांत बोलत होत्या, तेव्हाची गोष्ट. एक आलिशान मोटार होडी लादलेला गाडा ओढत घाट चढली. माथ्यावर म्हातारा ट्रक धापा टाकत होता.

“काय आजोबा, दमलात?”

“पोरी, ज्या गिअरात चढलीस, त्याच गिअरात उतर.”

ती हसली आणि सुसाट सुटली. पहिल्याच वळणावर मागचं ओझं तिला ढकलू लागलं. ब्रेक करपल्याचा वास आला. समोर दरी होती.

“ताई, थांब गं!” गाडा ओरडला. “मला नुसती चाकं आहेत, ब्रेक नाहीत!”

तिने खालचा गिअर टाकला. इंजिन कण्हलं. कठड्याला नाक टेकलं, तेव्हा कुठे ती थांबली.

बऱ्याच वेळाने ट्रक रांगत आला.

“आजोबा,” ती पुटपुटली, “तुम्ही पुढे व्हा. मी मागून येते.”