माहेरी निघालेलं विरजण

करवंदीच्या जाळ्यांमागे, लाल लाल पायवाटेच्या टोकाला बकुळवाडी नावाची इवलीशी वाडी होती. वाडीच्या तोंडाशीच एक झोपडी. त्या झोपडीत शेवंती नावाची मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. सगळे तिला शेवूच म्हणत.

शेवूला वडील नव्हते. आई होती, पण ती माउली तापानं अंथरुणाला खिळली होती. पेज दिली, उलटली. मुगाचं कढण दिलं, तेही उलटलं. वैद्यबुवांनी हाटातून दही आणलं, तर आईनं एक घोट घेऊन मान फिरवली. "हे आपलं नाही गं..." पोटात ठरायचं ते फक्त घरच्या दह्याचं ताक.

वैद्यबुवा बाहेर येऊन हळूच म्हणाले, "पोरी, उद्या सकाळी घरचं ताक पोटात गेलं, तर आई उठून बसेल. नाही गेलं, तर..." पुढचं न बोलताच त्यांनी पागोटं सावरलं आणि ते चालू लागले.

आता हे घरचं दही म्हणजे काय, ते ऐका हं! शेवूच्या आईचं लग्न झालं, तेव्हा तिच्या आईनं तिच्या ओटीत एक गोंडस मातीचं बुडकुलं घातलं होतं. त्यात चमचाभर विरजण. त्या आजीला ते तिच्या आईनं दिलेलं. दागिना नाही, दिडकी नाही, या घरच्या लेकींना मिळायचं ते विरजणच! रोज थोडं दही मागे ठेवायचं, रात्री कोमट दुधाला लावायचं, सकाळी पुन्हा घट्ट, चांदण्यासारखं दही. बुडकुलं रितं करायचं नाही आणि मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, एवढीच घरची शिकवण.

आणि त्या दिवशी काय झालं? शेवूनं दुपारी होतं नव्हतं ते दही घुसळून आईला ताक पाजलं. आपली लेक किती नीटनेटकी, असं आईला वाटावं म्हणून बुडकुलं राखेनं घासघासून लख्ख केलं आणि उन्हात पालथं घातलं!

उन्हं कलली तशी आईनं डोळे उघडले. "शेवू, विरजण काढून ठेवलंयस ना गं?"

शेवूला उन्हात पालथं घातलेलं रितं बुडकुलं आठवलं. "तू नीज हं आई," एवढंच ती कशीबशी म्हणाली आणि धावत परसातल्या बकुळीखाली जाऊन हमसून हमसून रडू लागली.

बकुळीची चांदणफुलं टपटप पडत होती. फांदीवर कोळ्याच्या जाळ्यात एक पांढरंशुभ्र पाखरू फडफडत होतं. शेवूनं डोळे पुसले आणि नखानं एकेक धागा हलकेच सोडवला. "जा बाई, तुझीही आई वाट बघत असेल."

तोच पाखराभोवती मोतिया उजेड फुलला आणि त्यात उभी राहिली एक बोटभर परी! सायीसारखी झुळझुळीत साडी, मोगऱ्याच्या पाकळ्यांचे पंख, कपाळावर दवबिंदूची टिकली.

"शेवू, एक इच्छा माग. पण माझे नियम आहेत हं."

"मला आमचं विरजण हवं. आईच्या आईचं. दुसरं काही नको."

"नवं घडवणं मला येत नाही, बाळ. असलेलं मी दाखवते. तुमचं विरजण जिथं जिथं आहे, तिथं पांढरा उजेड दिसेल. पण त्या घरात दिवा लागला की तो विझेल. आणि मागितल्याशिवाय उचलशील, तर हातात नुसतं पाणी उरेल. पळ!"

शेवूनं बुडकुलं घेतलं आणि वर पाहिलं. अहाहा! अख्ख्या वाडीत घराघरांतून चिमुकले पांढरे उजेड लुकलुकत होते. आईनं ज्यांना ज्यांना चमचाभर दिलं होतं, त्यांची ती स्वयंपाकघरं! पण सूर्य डोंगराला टेकला होता. एका घरी दिवा लागला, उजेड गेला. दुसऱ्या घरी लागला, तोही गेला.

शेवू जीव घेऊन धावली. पहिलं घर गोदाकाकूंचं. दार उघडं, स्वयंपाकघरात कुणी नाही, आणि हाताच्या अंतरावर दह्याचा मातीचा सट चमचमतोय. शेवूचा हात पुढे गेला... आणि थबकला.

"काकू! ओ काकू!"

"आले गं, देवापाशी दिवा लावून आलेच!" आतून आवाज आला आणि सटातला उजेड मालवला.

गोदाकाकू हात पुसत बाहेर आल्या. "विरजण? आत्ता? अगं, दिवेलागणीनंतर दही-दूध घराबाहेर देत नाहीत, ठाऊक नाही का तुला? सकाळी ये. आणि हो, तुमच्याकडे तेल नसेल. ही पेटती पणती घेऊन जा. वाऱ्यापासून जप!"

सकाळी विरजण लावलं असतं, तर दही लागेपर्यंत उशीर झाला असता. बुडकुलं काखेत घेऊन ओंजळीआड ज्योत जपत शेवू वळली. आता वाडीत एकच उजेड उरला होता, पार टोकाला. तिथं राहायची येसूमावशी. म्हातारी, एकटी आणि अशी खाष्ट, की कावळासुद्धा तिच्या कुंपणावर बसताना विचार करायचा.

पणती आत नेली तर उजेड विझणार! शेवूनं ती पायरीवर ठेवली आणि अंधारात डोकावली.

"मावशी, मी शेवू..."

"हलू नकोस कार्टे! विंचू आहे! माझ्या पायाशी सरसरतोय मेला, आणि तेल संपलंय घरातलं. दिसत नाही गं मला!"

कोनाड्यात बुडकुलं चमकत होतं, शेवटचं. आधी मागावं? मावशी हो म्हणतील, मग दिवा आणावा? पण तोवर नांगी बसली तर? शेवूच्या डोळ्यांपुढे आईचा सुकलेला चेहरा आला. तिनं ओठ घट्ट मिटले, मागे वळली आणि पणती घेऊन आत आली.

कोनाडा विझला.

पण उजेडात दिसला काळाकभिन्न विंचू, मावशीच्या टाचेला लागूनच! शेवूनं कोपऱ्यातलं मापटं झटकन त्याच्यावर पालथं घातलं आणि मग विझलेल्या कोनाड्याकडे बघत ती रडू लागली.

"वाचवलंस गं! आणि आता रडतेस कशाला?"

शेवूनं हुंदके देत सगळं सांगितलं. "पण आता दिवा लागला ना, मावशी."

येसूमावशीनं उठून कोनाड्यातलं बुडकुलं उतरवलं.

"तुझ्या आईशी मी पाण्यावरून कडाकडा भांडले होते. दुसऱ्या दिवशी माझं विरजण नासलं, तर हीच बाई दारात उभी, 'मावशी, हे घ्या' म्हणत. तेच हे. दिवेलागणीला दही द्यायचं नसतं, खरंय. पण मी कुठं देतेय? हे विरजण म्हणजे तुमच्या घरची लेक, माझ्याकडे नांदत होती. आता आई आजारी, म्हणून माहेरी निघालीय. लेकीला माहेरी जायला कोण गं अडवणार?"

चमचाभर घट्ट कवडी दही शेवूच्या बुडकुल्यात पडलं. त्याबरोबर पणतीची ज्योत लखलखली. ज्योतीत परी हसत होती.

"मी नुसती वाट दाखवली, शेवू. उजेड तू नेलास." एवढं बोलून ती सोनेरी, रुपेरी, मोतिया झाली आणि त्या प्रकाशातच विरघळून गेली.

रात्री शेवूनं कोमट दुधाला विरजण लावलं, अन्नपूर्णेला हात जोडले. सकाळी दही लागलं होतं, सुरीनं कापावं असं! आईनं ताकाचा घोट घेतला. आईनं दुसरा घोट घेतला, मग तिसरा, आणि भिंतीला टेकून उठून बसली.

"आपलंच गं."

शेवूनं रडत रडत बुडकुलं घासल्याचं सांगून टाकलं. आई खुदकन हसली.

"वेडे, तुझ्याएवढी असताना मीही घासलं होतं! तेव्हा माझ्या आईनं शेजारणीकडून मागून आणलं होतं, आईनंच कधीतरी तिला दिलेलं."

त्या दिवसापासून शेवू रोज एक चमचा मागे ठेवी आणि एक चमचा कुणाला तरी देई. रोज दिवा लागायच्या आधी तिच्या बुडकुल्यात मोतिया उजेड मंद चमके.

शेवूच्या घरी जसं दही लागलं, तसं तुमच्या-माझ्या घरी लागो. कुणाच्याही लेकीचं बुडकुलं रितं न राहो.