जावईबापूंचा फवारा

हेमांगीच्या नणंदेचे यजमान वसंतराव हे घरचे जावई, त्यातून निवृत्त इंजिनिअर. हेमांगीच्या नव्या घराच्या भिंतींना ब्रशने पिस्ता रंग द्यायचा म्हणजे त्यांना निव्वळ अडाणीपणा वाटला. ते रंगाचा फवारा मारायचं मशीन घेऊनच हजर झाले. "एक थेंब भिंतीबाहेर जाणार नाही," असं म्हणत त्यांनी काहीही झाकू दिलं नाही, आणि रंग चटकन वाळावा म्हणून वर पंखा जोरात लावला.

संध्याकाळी हेमांगी आली आणि उंबऱ्यातच मटकन बसली. फरशी पिस्ता, खिडक्या पिस्ता, बटणं, देव्हारा, आरसा, सगळंच पिस्ता. त्यातली एकेक फरशी तिने स्वतः निवडली होती. उद्या वास्तुशांत होती. तिला रडूही येईना. नवरा फरशी खरवडू लागला, सासूबाई देव्हारा पुसू लागल्या. जावयाला बोलणार कोण?

"सिमेंटची धूळ आहे ती," चष्मा पुसून नाकावर चढवत वसंतराव म्हणाले. "रंग भिंतीबाहेर गेलेलाच नाही."

"तुम्ही म्हणता तसंच असेल, भावोजी," हेमांगी थकल्या आवाजात म्हणाली. "फक्त तो चष्मा जरा काढता का?"

त्यांनी काढला. डोळ्यांभोवती दोन सावळी वर्तुळं, बाकी मिशीपासून कानापर्यंत सगळा चेहरा पिस्ता. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काय बघताय सगळे?" वसंतराव चिडले.

"तुम्हाला आरसा दाखवला असता," हेमांगी म्हणाली, "पण त्यात आता भिंतच दिसते."