तसबिरीमागचे दोघे

फार वर्षांपूर्वी वसईकडच्या एका घरात, येशूच्या तसबिरीला माडाच्या पातीचे तीन क्रूस खोचलेले होते. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेले असे क्रूस पुढच्या वर्षी चर्चमध्ये जाळतात आणि राखेच्या बुधवारी त्यांची राख कपाळाला लावतात. त्या तिन्ही क्रुसांना हे ठाऊक होतं. सगळ्यात धाकटा तर त्या भीतीने रोज रडायचा.

"रडतोस काय?" थोरला खेकसायचा. "हिरवेपण झाडाचं होतं, आपलं नव्हतं. ज्याचं त्याला द्यायचं आणि गप्प राहायचं. मी थरथरतो का बघ!"

"अरे वेड्या, जळलो म्हणजे संपलो असं नाही," मधला समजवायचा. "देव आपल्याला पुन्हा हिरवं करील. मी तर वाट बघतोय."

तरी धाकटा रडायचाच. दोघांना त्याची लाज वाटायची.

वर्ष सरत आलं. घरधनीण रेजिनबाय क्रूस न्यायला आली. तिची पावलं वाजताच थोरला हळूच तसबिरीमागे सरकला. अंधारात त्याचा कुणाला तरी धक्का लागला. मधला आधीच येऊन दडला होता.

"एकच राहिलाय वाटतं," रेजिनबाय म्हणाली. धाकट्याने एकदा तसबिरीकडे पाहिलं, पण दोघांचं नाव काही सांगितलं नाही. रडत रडतच तो तिच्या हाती गेला.

राखेच्या बुधवारी ती चर्चमधून परतली आणि तसबिरीपुढे हात जोडून उभी राहिली. तिच्या कपाळावर राखेचा लहानसा क्रूस होता. तसबिरीमागच्या फटीतून दोघांना तो दिसला. धाकटा आता रडत नव्हता. त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघायची दोघांचीही छाती झाली नाही.